खाल्ल्या मिठाला जागायचं, पण कुणाच्या? : खेळाडू, पैसा आणि निष्ठा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. अडखळणं, खोकला आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आवाजावरून वयाने माझ्यापेक्षा मोठे असावेत. ते म्हणाले, "तुम्ही आयटीवाली पोरं दर दोन वर्षांनी कंपनी बदलता, पगार वाढला म्हणून पेढे वाटता. आणि तेच एखाद्या खेळाडूने केलं की त्याला गद्दार म्हणता. हे कुठलं गणित?"

मेसेज सत्तावीस सेकंदांचा होता, पण माझा आठवडा खाल्ला त्याने. कारण त्यांनी म्हटलेली दोन्ही कामं मी केलेली आहेत. पेढेही वाटलेत आणि गद्दारही म्हटलंय. तर आजचा भाग त्यावरच. खेळाडूने जास्त पैशांचा करार घ्यावा की संघाशी निष्ठा ठेवावी?

सुरुवात एका संध्याकाळपासून करतो. १ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबई विरुद्ध राजस्थान. मी तेव्हा गावी होतो, घरून काम चालू होतं, आणि बाबा नि मी टीव्हीसमोर बसलो होतो. नाणेफेकीला हार्दिक पंड्या आला आणि अख्ख्या मैदानाने त्याची हुर्यो उडवली. स्वतःच्या घरच्या मैदानावर, स्वतःच्या संघाच्या कर्णधाराची! संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं, तर आवाज आणखी वाढला. मग मुंबईचे पहिल्या चौघांपैकी तिघे शून्यावर गेले, तो भाग वेगळा.

मी सोफ्यावरून ओरडत होतो, "बरोबर आहे! पैशासाठी इकडून तिकडे उड्या मारतो, मग हेच होणार!" बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पैसे किती वाढले रे त्याचे?"

मी फोनवर शोधलं. आणि गप्प झालो.

गुजरातकडे हार्दिकचा करार १५ कोटींचा होता. मुंबईकडे आला तोही १५ कोटींवरच. संघांनी आपसात काय दिलं-घेतलं तो भाग सोडा, पण त्याच्या करारातला आकडा तोच होता. म्हणजे ज्या माणसाला 'पैशासाठी गेला' म्हणून मी शिव्या घालत होतो, त्याचा पगाराचा आकडा हललाच नव्हता. शिवाय तो कुठल्या परक्या संघात गेला नव्हता. २०१५ मध्ये ज्या मुंबईने त्याला १० लाखांत घेतलं, त्याच मुंबईत परत आला होता.

आता दुसरं उदाहरण घ्या. त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर २०२४ ला, जेद्दाहमधल्या लिलावात पंजाबने श्रेयस अय्यरला २६ कोटी ७५ लाखांना घेतलं. काही मिनिटांसाठी तो आयपीएलच्या इतिहासातला सगळ्यात महागडा खेळाडू होता. मग ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली. श्रेयस सहा महिन्यांपूर्वीच कोलकात्याला विजेतेपद जिंकून देऊन, करंडक हातात घेऊन उभा राहिलेला कर्णधार. कोलकात्याकडे तो १२ कोटी २५ लाखांवर होता. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त पैसे घेऊन तो दुसऱ्या संघात गेला. त्याला कुणी गद्दार म्हटलं? मी तरी म्हटलं नाही. उलट मी म्हणालो, "बरं झालं, कोलकात्याची जिरली."

मंडळी, मी प्रोग्रामर आहे. एकाच फंक्शनला दोन इनपुट दिले आणि उत्तरं उलटी आली, तर मला झोप लागत नाही. पैसे न वाढलेला गद्दार आणि पैसे दुप्पट झालेला हिरो! म्हणजे आपण जो नियम वापरतोय असं आपल्याला वाटतं, तो आपण वापरतच नाहीये. आपला राग पैशावर नाहीच. मग कशावर आहे? त्या प्रश्नाकडे येतो, पण त्याआधी पैशाचा हिशोब नीट करून टाकू.

श्रेयसचीच गोष्ट पूर्ण बघा. मुंबईचा पोरगा. २०१५ मध्ये दिल्लीने त्याला २ कोटी ६० लाखांना घेतलं. २०१८ मध्ये गंभीरने हंगामाच्या मध्यात कर्णधारपद सोडलं, ते याच्या गळ्यात आलं. वय तेवीस. २०२० मध्ये त्याने दिल्लीला त्यांच्या पहिल्या अंतिम सामन्यात नेलं. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारतासाठी खेळताना खांदा निखळला. कर्णधारपद पंतकडे गेलं. श्रेयस बरा होऊन परत आला तेव्हा पंतच कर्णधार राहिला, आणि त्या हंगामानंतर दिल्लीने श्रेयसला कायम ठेवलंच नाही.

मग कोलकाता. २०२३ चा अख्खा हंगाम पाठीच्या शस्त्रक्रियेत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीसीसीआयच्या वार्षिक करारांच्या यादीतून नाव गळालं. पुढच्याच महिन्यात त्याने वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात ९५ धावा केल्या, मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी जिंकली. मे महिन्यात कोलकात्याला आयपीएल जिंकून दिलं. आणि ऑक्टोबरच्या शेवटी कोलकात्याने कायम ठेवलेल्या सहा जणांची यादी आली, तर त्यात रिंकू, वरुण, नरेन, रसेल, हर्षित, रमणदीप. कर्णधार नाही! का नाही, यावर दोन्ही बाजूंनी नंतर वेगवेगळं सांगितलं. संघ म्हणाला, दोघांची संमती लागते. श्रेयस म्हणाला, संवादच नीट झाला नाही.

लिलावात मजा बघा. कोलकात्याने सुरुवातीला बोली लावली आणि लवकरच हात आखडता घेतला. शेवटपर्यंत पंजाबशी भिडलं कोण? दिल्ली! तीन वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला सोडलं, तेच आता २६ कोटींच्या पुढे बोली लावत होते.

आता मला सांगा, या माणसाने निष्ठा कुणाशी ठेवायची? त्याचा खांदा निखळला तेव्हा दिल्लीने स्वतःचं बघितलं. मी त्यांना वाईट म्हणत नाहीये. संघ चालवायचा तर असे निर्णय घ्यावे लागतात. पण मग त्याच निकषाने खेळाडूनेही स्वतःचं बघितलं तर बोंब का?

लिलावाची रचनाच अशी आहे. दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि जवळपास सगळा पट उधळून परत मांडला जातो. मोजके खेळाडू संघ ठेवतो, बाकीचे बाजारात. आणि मधल्या काळात अदलाबदली चालूच. रवींद्र जडेजा २०१२ पासून चेन्नईचा, मधली चेन्नईच्या बंदीची दोन वर्षं सोडली तर. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावा हव्या होत्या. त्याने षटकार आणि चौकार मारून करंडक आणला, आणि धोनीने त्याला उचलून घेतलं. ते दृश्य कोण विसरेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच जडेजाच्या बदल्यात संजू सॅमसन चेन्नईत आला. जडेजा राजस्थानला गेला, तोही १८ कोटींवरून १४ कोटींवर. त्याची संमती होतीच, तिच्याशिवाय अदलाबदल होत नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. पुतळा उभारावा असं काम केलेल्या माणसाचंही नाव अदलाबदलीच्या यादीत येऊ शकतं.

आणि हे आजचं नाही. युरोपच्या फुटबॉलमध्ये १९९५ पर्यंत अशी पद्धत होती की करार संपला तरी खेळाडू मोकळा नाही. नव्या क्लबने जुन्या क्लबला पैसे मोजले तरच जाता येणार. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान, लिएजच्या क्लबकडे होता. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो जवळपास चतुर्थांश पगारावर. त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं, तर तिथल्या क्लबकडे एवढे पैसे मागितले की ते जमेना. बोस्मान कोर्टात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर मोकळा आहे. त्या निकालावर पुढच्या पिढीतले खेळाडू कोट्यधीश झाले. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपली.

मला या गोष्टीतून एक साधी गोष्ट कळते. जिथून निघायची सोयच नाही, तिथे थांबण्याला निष्ठा म्हणत नाहीत. दार उघडं असताना जो थांबतो, त्याच्या थांबण्याला काही अर्थ आहे.

आता पैशाबद्दल नेहमीचा आक्षेप. "अरे, १२ कोटी मिळतात ना? मग २६ कशाला? हाव आहे नुसती." हे मीही म्हटलंय. पण आकडे मांडून बघा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. आणि २०२५ च्या हंगामासाठी एका संघाची लिलावाची थैली होती १२० कोटी. दहा संघ, म्हणजे १,२०० कोटी. नुसत्या प्रसारणाच्या पैशाशी तुलना केली तरी साधारण आठवा हिस्सा. तिकिटं, प्रायोजक वगैरे धरलेच नाहीत. अमेरिकेच्या एनबीएमध्ये बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो, तसं करारातच लिहिलेलं आहे.

म्हणजे खेळाडूने ते जास्तीचे कोटी नाकारले तर ते काही तुमच्या-माझ्या खिशात येणार नाहीत, तिकीटही स्वस्त होणार नाही. ते मालकाकडे राहणार किंवा दुसऱ्या खेळाडूला जाणार. मालकाच्या पैशाची काळजी आपण का करावी? २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना विकत घेतला गेला. तो घेणाऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा, एवढी हाव कशाला?

आणि हे झालं वरच्या दहा-वीस जणांचं. खाली बघा. २०२५ च्या लिलावात नवख्या खेळाडूची मूळ किंमत होती ३० लाख. त्या पोराला 'पैसा की निष्ठा' हा प्रश्न पडतच नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की पुढच्या वर्षी यादीत नाव असेल का?

कबड्डीत हे आणखी स्पष्ट दिसतं. आपला चंदगडचा सिद्धार्थ देसाई. २०१८ च्या प्रो कबड्डीत यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढायांमध्ये दोनशेच्या वर गुण काढले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले, त्या हंगामातली सगळ्यात मोठी बोली. कोल्हापूरच्या कबड्डीवेड्या घरांमध्ये त्या दिवशी कुणी म्हटलं असेल का, की पोराने मुंबईशी बेइमानी केली? गुडघा किंवा खांदा एकदा गेला की कबड्डीपटूला पुढे काय? सॉफ्टवेअरमध्ये माझी पाठ दुखली तर मी खुर्ची बदलतो. त्याची पाठ दुखली तर नोकरीच जाते. कमावण्याची वर्षं दहा धरा, फार तर बारा. त्यात जो भाव मिळतो तो घेणं, याला मी हाव म्हणायला तयार नाही.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, झालं, भाग तयार. खेळाडूने पैसे घ्यावेत, विषय संपला. बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

माझ्या बाबांबद्दल थोडं सांगतो. त्यांनी एका सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली. कारखान्याचं नाव नको. पगार थकले, गळीत हंगाम बंद पडला, अर्धे लोक दुसऱ्या कारखान्यांत गेले, बाबा गेले नाहीत. आई चिडायची. ते एकच म्हणायचे, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं." निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालताना मी त्यांना बघितलंय. त्यामुळे निष्ठा या शब्दाचा मला लहानपणापासून जरा रागच आहे.

मी फोनवर म्हटलं, "बाबा, तुमच्यासारखं वागून काय मिळतं बघा. त्या श्रेयसने बरोबर केलं." मला वाटलं ते वाद घालतील. ते म्हणाले, "बरोबरच केलं की. त्याने मीठ खाल्लं तेवढं काम करून दिलं. कप आणून दिला. अजून काय करायचं?"

मी चकित. "मग तुम्ही का थांबलात?"

"मी कारखान्यासाठी नव्हतो थांबलो रे. मिलच्या पाळीत आम्ही चौघं होतो. मी गेलो असतो तर त्या तिघांवर बारा-बारा तासांची पाळी आली असती. त्यांना म्हटलं होतं, हा हंगाम काढू. असे म्हणत म्हणत हंगाम निघाले."

मंडळी, इतकी वर्षं मी समजत होतो की बाबा त्या कारखान्याचं मीठ म्हणतायत. ते शेजारी उभ्या असलेल्या तिघांबद्दल बोलत होते.

आणि मग ते म्हणाले, "त्या हार्दिकचं मला कळत नाही. तो जातोय, हे कुणी कुणाला सांगितलं होतं का?"

इथे माझ्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. आपला राग कशावर असतो? जाण्यावर नसतो, पैशावर तर नाहीच. विश्वासात न घेण्यावर असतो.

२६ नोव्हेंबर २०२३ आठवा. संध्याकाळी याद्या जाहीर झाल्या, त्यात हार्दिक गुजरातचा. गुजरातचे चाहते निश्चिंत झाले. काही तासांत बातमी, की तो मुंबईचा. १५ डिसेंबरला मुंबईने जाहीर केलं की रोहितच्या जागी तोच कर्णधार. एक औपचारिक निवेदन आलं, भविष्याची तयारी वगैरे. पाच करंडक आणलेल्या माणसाला बाजूला करताना चाहत्यांना कळेल अशा भाषेत कुणी काही बोललं नाही. मार्चमध्ये पत्रकार परिषदेत विचारलं की रोहितला का काढलं, तर प्रशिक्षक मार्क बाउचर यांनी उत्तरच दिलं नाही, नुसती शांतता. तो सगळा न दिलेल्या उत्तरांचा राग वानखेडेवर एका माणसाच्या अंगावर पडला. त्यातले बरेच निर्णय तर त्याच्या हातातलेही नव्हते. मी स्वतः त्या हुर्योत सोफ्यावरून सामील होतो, आणि मला आज त्याची लाज वाटते.

याउलट श्रेयसचं सगळं उघड्यावर झालं. यादी आली, सगळ्यांनी बघितली. लिलाव टीव्हीवर झाला. कोलकात्याच्या चाहत्यांना राग आला तो व्यवस्थापनाचा आला, त्याचा नाही. कारण त्याने 'मी थांबतोय' असं सांगून पाठ फिरवली नव्हती.

फुटबॉलमधला लुईस फिगो तर याचं सगळ्यात मोठं उदाहरण. बार्सिलोनाचा लाडका. २००० च्या उन्हाळ्यात त्याने मुलाखतीत चाहत्यांना सांगितलं की मी थांबतोय. आणि थोड्याच दिवसांत तो रिअल माद्रिदच्या जर्सीत उभा होता, त्या वेळच्या विक्रमी किमतीला. दोन वर्षांनी माद्रिदकडून बार्सिलोनात खेळायला आला, तर कॉर्नर घेताना त्याच्यावर बाटल्या पडल्या, डुकराचं मुंडकं पडलं. त्या प्रकाराचं समर्थन कुणीच करणार नाही. पण बार्सिलोनातून पैशासाठी इतरही गेलेत. मुंडकं फिगोच्याच वाट्याला आलं. 'मी थांबतोय' हे वाक्य त्याला नडलं.

तुम्ही म्हणाल, मग कोहलीचं काय? २००८ पासून एकच संघ. अठरा हंगाम. ३ जून २०२५ ला अहमदाबादला शेवटी करंडक मिळाला तेव्हा गडी मैदानावर रडला. आणि समोर हरलेला कर्णधार कोण होता? श्रेयस! वेगवेगळ्या तीन संघांना अंतिम सामन्यात नेणारा पहिला कर्णधार, पंजाबला ११ वर्षांनी तिथे घेऊन आलेला, आणि सहा धावांनी हरलेला. एका टोकाला कधीच न गेलेला, दुसऱ्या टोकाला तीन घरं फिरलेला.

कोहलीचं थांबणं मला आवडतं. मधे त्याचा आकडा १७ कोटींवरून १५ वर आला तरी तो राहिला. पण एक गोष्ट विसरू नका, की बंगळुरूने त्याला दर वेळी ठेवलं. थांबायला दोघं लागतात. श्रेयसला ती संधी दिल्लीने दिली नाही. म्हणून कोहलीला निष्ठावान म्हणताना श्रेयसला आपोआप कमी लेखायचं, हे मला पटत नाही. त्या रात्री पंजाबसाठी श्रेयसने जीव तोडला नव्हता असं कुणी म्हणू शकेल का? अंतिम सामन्यात तो एका धावेवर बाद झाला हे खरं, पण दोनच दिवस आधी मुंबईविरुद्ध ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून संघाला तिथवर त्यानेच आणलं होतं.

आता शेवटचा भाग. हा बोलावा की नाही, यावर दोन दिवस घालवले.

२०२२ ची सुरुवात. मी पंचवीसचा, पुण्यात हिंजवडीला. बाजार तेजीत होता, लिंक्डइन उघडलं की ऑफर. आमच्या टीममध्ये पेमेंटचा जो भाग होता तो दोघांनाच नीट माहीत होता. मला आणि एका सीनियर सहकारीला. तिला मी ताई म्हणायचो. जुलैमध्ये मोठं रिलीज होतं. एका दुपारी टपरीवर चहा घेताना ती म्हणाली, "मला ऑफर आलीये. पण इथे रिलीज झालं की लीड करतो म्हणालेत. तू आहेस ना वर्षभर? दोघं असू तर हे निघेल. एकटीवर आलं तर नाही जमायचं."

माझ्या मेलमध्ये तेव्हा ऑफर लेटर पडलेलं होतं. ऐंशी टक्के वाढ. जॉइनिंगची तारीख पक्की व्हायची होती, आणि मला भीती की कुणाला कळलं तर मॅनेजरपर्यंत जाईल. मी म्हणालो, "मी कुठे जातोय?"

तिने तिची ऑफर नाकारली. दोन आठवड्यांनी मी राजीनामा टाकला. पेढे वाटले. ते वर म्हटलेले पेढे हेच.

तिने भांडण नाही केलं. एवढंच म्हणाली, "तू जातोयस त्याचं काही नाही रे. मी पण गेले असते. पण मी विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतंस तर मी माझं वेगळं ठरवलं असतं."

नोटीस पिरियडमध्ये मी सगळं हस्तांतरण केलं, कागदोपत्री काही बाकी ठेवलं नाही. पण वर्षअखेरीस बाजार गार पडला, भरती थांबली. तिला पुढची दोन वर्षं तिथेच काढावी लागली. लीडपद मिळालं नाहीच. मी कंपनीचं काही देणं लागत नव्हतो, आजही मला तसंच वाटतं. कंपनीने मला ठेवलं असतं तोवरच ठेवलं असतं. पण टपरीवर माझ्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं मी देणं लागत होतो. ते देणं एका खऱ्या वाक्याचं होतं, आणि तेवढंही मी दिलं नाही.

गंमत म्हणजे राजीनामा दिला त्या रात्री बाबांना फोन केला होता. त्यांनी पगार किती वाढला हे विचारलंच नाही. विचारलं, "सगळ्यांना नीट सांगून निघतोयस ना?" मी म्हटलं, हो.

तर ज्या श्रोत्यांनी मेसेज पाठवला त्यांना माझं उत्तर असं. काका, खेळाडूने जास्त पैशांचा करार घ्यावा. निःसंकोच घ्यावा. फ्रँचायझी ही काही आई नाही, ती कंपनी आहे, आणि ती जसं आपलं बघते तसं त्यानेही आपलं बघावं. पण दोन गोष्टी त्याने पाळाव्यात. करार आहे तोवर हात राखून खेळू नये. आणि जायचं ठरत असेल तर 'मी इथेच आहे' असं म्हणू नये, ना ड्रेसिंग रूममध्ये, ना चाहत्यांना. सगळंच सांगता येत नसेल तर गप्प बसावं, पण खोटं बोलू नये. कारण त्या वाक्यावर विसंबून कुणीतरी आपलं काहीतरी ठरवत असतं. कुणी जर्सी विकत घेतं, कुणी ऑफर नाकारतं.

आणि हेच संघालाही लागू. ज्याला उद्या सोडायचंय त्याला आज 'तू आमच्या घरचाच' म्हणू नये.

वानखेडेचं एक राहिलं. ४ जुलै २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून संघ मुंबईत आला, मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. बार्बाडोसला शेवटचं षटक हार्दिकने टाकलं होतं, १६ धावा वाचवल्या होत्या. त्याच वानखेडेवर, तीनच महिन्यांनी, लोक "हार्दिक, हार्दिक" ओरडत होते. आम्ही दोघं परत टीव्हीसमोर. बाबा म्हणाले, "आता सॉरी कोण म्हणणार त्याला?"

मी आज म्हणतो. त्याच्यापर्यंत पोचणार नाही, तरी म्हणतो.

आणि दुसरं सॉरी ज्या व्यक्तीला म्हणायचं होतं तिला हा भाग रेकॉर्ड करण्याआधी फोन केला. चार वर्षांनी. विचारलं, "ताई, तुझी गोष्ट सांगू का? नाव घेणार नाही." ती बराच वेळ हसली. म्हणाली, "सांग. या वेळी आधी विचारलंस, एवढी तरी सुधारणा झाली."

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुम्ही कुणाला न सांगता निघून आला असाल, किंवा तुम्हाला न सांगता कुणी गेलं असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. कंपनीचं नाव नको, माणसाचंही नको. फक्त काय झालं ते सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.